वरचा मजला चढवू का? (किल्लारी पट्टा, ३२ वर्षांनंतर)

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि विषय घरचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव तेरणेच्या काठावर, किल्लारीपासून जवळ. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांपैकी एक. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, मोठी माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारला चारपाच मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आमच्या वाड्यातली चार माणसं गेली. त्याबद्दल इथं लिहिणार नाही, अजून लिहवत नाही.

प्रश्न आत्ताचा आहे. पुनर्वसनात आम्हाला ४५० स्क्वेअर फुटाचं घर मिळालं, वडलांच्या नावावर. आता तिथं आई, भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं राहतात. मोठा पुतण्या बारावीला आहे, त्याला अभ्यासाला कोपरा नाही. भावाला वर दोन खोल्या चढवायच्यात. यंदा पावसानं सोयाबीन गेलं तरी त्यानं थोडे पैसे बाजूला ठेवलेत, बाकीचे मी देणार आहे.

आई म्हणते वर काही चढवायचं नाही. तिला इंजिनियरिंग कळतं म्हणून नाही. ३२ वर्षं ती स्लॅबखाली झोपलेली नाही. समोर पत्र्याचा सोपा काढलाय तिथं झोपते, थंडीत दोन गोधड्या घेते पण आत येत नाही. अगदीच जोराचा पाऊस असला तर येते, पण दाराला कडी लावू देत नाही. त्या रात्री आमचं दार अडकलं होतं म्हणून. भावाची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला कुणी हे सांगितलं नव्हतं, तिनं रोज रात्री कडी लावायची आणि आईनं रोज उठून काढायची, असं महिनाभर चाललं होतं म्हणे.

भाऊ म्हणतो किती दिवस भ्यायचं. त्याचंही चूक वाटत नाही मला. काल स्मृतिस्तंभाला गेलो होतो, पोलिसांनी बंदुकीची सलामी दिली आणि त्या आवाजानं आई परत दचकली, दरवर्षी दचकते तरी दरवर्षी जाते.

तर दोन प्रश्न. एक, या घरांवर मजला चालतो का? दोन, ज्यांच्या घरात अशी माणसं आहेत त्यांनी काय केलं?

ओळंबा

ताई, मी सिव्हिलवाला आहे, २००० सालापासून दुरुस्तीचीच कामं करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घर बघितल्याशिवाय अजिबात चढवू नका. ती घरं एका मजल्यासाठी बांधलेली आहेत. आणि ५२ गावांत घरं एकसारखी नाहीत, काही सरकारनं ठेकेदाराकडून बांधून घेतली, काही गावं संस्थांनी आणि कंपन्यांनी दत्तक घेऊन बांधली, कुठं काँक्रीटचे पोकळ ब्लॉक, कुठं विटा, कुठं अख्खी काँक्रीटची भिंत. तुमच्या गावात काय आहे ते सांगाल का? आणि जमीन काळी आहे का मुरमाड?

तेरणाकाठ

ब्लॉकचं आहे. जमीन काळीच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर आहे, भाऊ दर दिवाळीला सिमेंटनं बुजवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत दिसते.

ओळंबा

ती चीर पायामुळं आहे. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आक्रसते, पाया पुरेसा खोल मुरमापर्यंत गेला नसेल तर घर वर्षातून एकदा उचलल्यासारखं होतं आणि परत बसतं. अशा पायावर वर दोन खोल्यांचा भार टाकणं म्हणजे चांगल्या दिवसांतही त्रास, भूकंप लांबची गोष्ट. भावाला सांगा एका कोपऱ्याशी खड्डा घेऊन पाया उघडा करून बघ, आणि भिंतीत लिंटलच्या, म्हणजे दारंखिडक्यांच्या वरच्या, पातळीला काँक्रीटची सलग पट्टी आहे का ते एका जागी प्लास्टर काढून बघ.

आईंचं म्हणणं घाबरटपणा म्हणून सोडून देऊ नका असं मला मनापासून वाटतं. १९९३ ला मारलं कुणी तर जुन्या भिंतींनी. भूकंप ६.२ चा होता, जगात तेवढे बरेच होतात आणि माणसं एवढी मरत नाहीत. आपल्याकडं भिंत दोन दोन अडीच अडीच फूट जाड, आतून एक दगडाची फळी, बाहेरून एक, आणि मधे माती आणि कपची भरलेली. दोन्ही फळ्यांना शिवून धरणारा आरपार दगड घातलेलाच नसायचा. हादरा बसला की बाहेरची फळी बाहेर पडली आणि आतली आत. आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत.

सास्तूरकर

माळवदाचं मी सांगतो. आमच्याकडं दर उन्हाळ्याच्या शेवटाला माळवदावर पांढरी माती टाकायची पद्धत, पाणी गळू नये म्हणून. आज्यानं टाकली, बापानं टाकली, जुनी काढायची कुणी नाही, नवी वर टाकायची. आमच्या घरावर दोन फुटाच्या वर थर होता. उन्हाळ्यात घर गारेगार राहायचं त्यामुळं, त्याचं आम्हाला कौतुक होतं. लोक दगडानं कमी आणि मातीनं जास्त गुदमरले, काढताना तोंडात नाकात माती होती, माझ्या वडलांच्या पण.

आणि एक सांगतो, आमच्या वाड्याचे सागवानी खांब तुळया तशाच उभ्या होत्या, भिंती पडल्या आणि खण उभे. नंतर आठ दिवस सततचा पाऊस, सरण रचायला लाकूड नाही, तर त्याच तुळया आणि दारं काढून सरणाला वापरली लोकांनी. जे उरलं ते नंतर बाहेरगावचे व्यापारी येऊन घेऊन गेले, नक्षीचे दरवाजे मातीमोल भावानं गेले, तेव्हा कुणाला भान होतं.

औसा_डायरी

माझा जन्म ९८ चा. मला प्रामाणिकपणे विचारायचंय, राग मानू नका. आमच्या पिढीनं भूकंप फक्त ऐकला. आम्हाला भूकंप म्हणजे फॉर्म भरताना भूकंपग्रस्तांचा कॉलम, २ टक्के समांतर आरक्षण आणि त्याच्यासाठी तहसीलला मारलेल्या चकरा. मी स्वतः त्या दाखल्यावर भरतीला बसलोय. मोठी माणसं सांगतात की तुम्हाला काय कळणार, आणि सांगतही नाहीत नीट. माझ्या आजोबांनी एकदाही सांगितलं नाही, त्यांच्या पहिल्या बायकोचं नाव मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं, तेही स्मृतिस्तंभाच्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून. मी जिला आजी म्हणतो ती त्यांची दुसरी बायको आहे हेच मला माहीत नव्हतं.

म्हणजे एवढी मोठी गोष्ट घरात आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला वाटतं हाच सगळ्यात लांबलेला परिणाम आहे. आता गावात पोरं घर वाढवतात तर जुन्या गावठाणातून दगड ट्रॅक्टरनं आणून मातीत रचून मागं खोली काढतात, फुकटचा दगड आहे म्हणून. तेच दगड हो. त्यांना कुणी सांगितलंच नाही की याच्यात काय चुकलं होतं.

ओळंबा

तुझी प्रतिक्रिया वाचून थांबलो थोडा वेळ. हे मी डोळ्यांनी बघितलंय. पुनर्वसनाचं मजबूत घर पुढं, आणि मागं त्याला चिकटून मातीतल्या दगडाची खोली, त्या खोलीत गुरं असती तर एक वेळ, पण म्हातारी माणसं झोपतात. दगड वाईट नाही, आरपार दगड घाला, सिमेंटचा माल वापरा, पट्टी घाला, तर दगडाचं घर उभं राहतं. या भागाला पूर्वी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये धरलं होतं, २००२ च्या नकाशात लातूर झोन ३ मध्ये आलं. कागद बदलला, पण गवंड्याला कोण सांगणार?

ज्वारीची_भाकर

सांगणाऱ्या होत्या की दादा! जी गावं हलवली नाहीत, जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण होतं, तिथं जागतिक बँकेच्या पैशाच्या कार्यक्रमात गावोगावी संवाद सहायक नेमले होते, महिला मंडळातल्या बायका. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना तयार केलं होतं. माझी आई त्यातली एक. सातवी शिकलेली, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई, ती टेप घेऊन दुसऱ्याच्या घरात जायची आणि गवंड्याला विचारायची की कोपऱ्याला सळई कुठंय. आधी हसले लोक. नंतर हप्ता सोडायच्या आधी तिला बोलवायला यायचे.

भूकंपानं आमच्याकडच्या बायकांना घराबाहेर काढलं हे खरं आहे, आणि ते बोलताना जीभ अडखळते कारण किंमत काय होती ते माहितीय. पुढं त्यातूनच बचतगट झाले. आई आज सत्तरीची आहे, अजून कुणाचं बांधकाम दिसलं की थांबते.

पण दुसरी बाजू पण लिहिते. माझ्या मावशीची दोन्ही लेकरं गेली. तिची आधीच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. भूकंपानंतर तिनं ती परत उघडून घेतली, तशा बऱ्याच जणींनी घेतली. मावशीला मूल राहिलं नाही. काकांनी दुसरं लग्न केलं, मावशी त्याच ४५० फुटाच्या घरात दुसरीच्या लेकरांना वाढवत राहिली. ती माऊली कधी काही बोलली नाही.

तेरणाकाठ

तुमच्या मावशींना नमस्कार सांगा. यावर काय लिहू कळत नाही.

सास्तूरकर

घराच्या आकाराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथं आहे. भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतल्याला २५० फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, सातच्या वर ७५०. जमीन बघून घर. मला आजपर्यंत कुणी पटवून देऊ शकलं नाही की ज्याच्या घरात आठ माणसं वाचली आणि जमीन नाही त्याला २५० का आणि ज्याच्या घरात दोघं उरली पण रान मोठं त्याला ७५० का. मरताना सगळे एका मापानं मेले. कुणी म्हणेल मोठ्या शेतकऱ्याला बैलबारदाना, धान्य ठेवायला जागा लागते, जुन्या वाड्यात बळद होतं, पेव होतं. मान्य. पण आमच्या गावात २५० वाल्यांची रांग वेगळी आणि ७५० वाल्यांची वेगळी बसवली, आणि जमीन कुणाकडं असते नी कुणाकडं नसते हे महाराष्ट्रात सांगायची गरज नाही. जुन्या गावात जे होतं ते नव्या गावात सिमेंटनं पक्कं झालं.

आणि त्या सरळ रेषेतल्या गल्ल्या. जुनं गाव एवढं दाट होतं की एका घरातून हाक मारली तर तिसऱ्या घरातून ओ यायची. नव्या गावात एवढा रुंद रस्ता आणि घरामागून घर, आमची भावकी चार टोकांना गेली. आमच्या आत्याला शेवटपर्यंत गाव पाठ झालं नाही, ती आपल्या घरासमोर येऊन विचारायची हे आपलंच का.

भोपाळची_मामी

मी गेली ४० वर्षांहून जास्त भोपाळला, माहेर सोलापूर. सगळा धागा वाचला, डोळे भरून आले. १९९३ ला टीव्हीवर किल्लारी बघितली तेव्हा आमच्या शेजारणी म्हणाल्या होत्या, आता यांच्या पण मागं कागद लागणार.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा आम्ही नव्या भोपाळकडच्या भागात होतो, वारा जुन्या शहराकडं होता म्हणून वाचलो. नंतर मी गॅसपीडित बस्तीतल्या शाळेत शिकवलं, बरीच वर्षं. तुमच्यात आणि आमच्यात एक फरक मला फार जाणवतो. तुमची जमीन हलली आणि थांबली. आमच्याकडं ते संपलंच नाही. कारखाना बंद झाला पण कचरा तिथंच राहिला, जमिनीत मुरला, आजूबाजूच्या बस्त्यांच्या हापशांच्या पाण्यात उतरला. जी लेकरं त्या रात्रीनंतर वीस वर्षांनी जन्मली ती पण ते पाणी प्यायली. २००४ ला सुप्रीम कोर्टानं स्वच्छ पाणी द्या म्हणून सांगितलं, नळ यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेला आणि तिथं जाळला, चाळीस वर्षांनी! आणि ज्या मातीत मुरलंय ती माती अजून तिथंच आहे.

पैशाचं म्हणाल तर १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ऐकायला मोठी रक्कम, पण दावेदार पाच लाखांच्या वर. बहुतेकांच्या हातात २५ हजार रुपये आले, ते पण नव्वदच्या दशकात हप्त्याहप्त्यानं. माझ्या शाळेतल्या आया होत्या, दम्यानं दोन जिने चढता यायचे नाहीत, त्यांना कार्डावर किरकोळ इजा असा शेरा. तो शेरा बदलायला त्या मरेपर्यंत फिरल्या. जून २०१० मध्ये निकाल लागला, कंपनीच्या भारतातल्या अधिकाऱ्यांना दोन वर्षं शिक्षा आणि लगेच जामीन. वाढीव भरपाईची याचिका मार्च २०२३ ला फेटाळली.

तेरणाकाठ, तुमच्या आईबद्दल. आमच्याकडं पण बायका आहेत ज्या अजून रात्री खिडकी उघडून वास घेऊन मग झोपतात. त्यांना कुणी समजवायला जात नाही आता. मी तरी जात नाही.

हेळवाक

कोयनेकडनं लिहितोय, पाटण तालुका. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे साडेचार वाजायला आले होते, भूकंपानं कोयनानगर भुईसपाट झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. माझे वडील तेव्हा तिथल्या चाळीत होते. आमचं दुखणं दुहेरी आहे, आधी धरणग्रस्त मग भूकंपग्रस्त, आणि धरणातल्या कित्येक घरांना बदली जमिनीचा हिशोब अजून पुरा मिळालेला नाही. इकडं धक्के थांबलेले नाहीत, धरणात पाणी चढउतार झालं की जमीन कुरकुरते, हे आता शास्त्रज्ञ पण मानतात, कराडजवळ हजारमाचीला संशोधन केंद्र आहे आणि या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चाललाय.

सांगायचं एवढंच, रोज थोडं हलत असल्यानं आमच्याकडं विसरायची सोयच नाही. घर बांधताना म्हातारा माणूस आपोआप म्हणतो वर जड नको, पत्रा घाल, कौल घाल. किल्लारीला एकदाच आला आणि नंतर बारीकसारीक सोडलं तर शांत, म्हणून विसर लवकर पडत असेल. जरी तिथं पण १९९२ ला आधी हादरे बसले होतेच.

वाघोली९३

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

भारतीय जैन संघटनेनं भूकंपानंतर साधारण १२०० मुलं शिकायला पुण्याला वाघोलीला नेली, मी त्यातला. तिथं आम्हाला जेवण, शाळा, कपडे, माया सगळं मिळालं, त्याबद्दल जन्मभर कृतज्ञ आहे. माझं बोलणं त्याबद्दल नाही. दहा वर्षांनी गावाकडं गेलो तेव्हा माझ्या नावचं घर होतं, आईबापाच्या माघारी मिळालेलं, त्यात नातेवाईक राहत होते. रानाच्या सातबाऱ्यावर पण गडबड झालेली. भांडलो नाही. त्यांची पण माणसं गेली होती. पण मग मला सुट्टीत जायला गाव उरलं नाही. लोक विचारतात तुझं गाव कुठलं, मी जुन्या गावाचं नाव सांगतो, जिथं आता वेडी बाभूळ माजलीय. दरवर्षी ३० तारखेला मी नव्या गावात न जाता थेट तिथं जातो. आमच्या घराची जोत्याची पायरी अजून आहे, तिच्यावर बसतो थोडा वेळ आणि परत पुण्याची गाडी पकडतो.

तेरणाकाठ, आईला विचारून घर बांधा. ज्यांना विचारायला आई आहे त्यांनी विचारावं.

ज्वारीची_भाकर

भाऊ, पुढच्या ३० तारखेला पायरीवरून उठलात की आमच्याकडं जेवायला या. आईला सांगून ठेवते. खरंच या.

तेरणाकाठ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन आठवडे झाले. तुमच्या एकेक प्रतिक्रिया भावाला फोनवर वाचून दाखवल्या. संवाद सहायकवाली आणि दगडाच्या खोलीवाली त्यानं दोनदा वाचायला लावली, कारण मागच्या अंगाला जुन्या दगडाची खोली काढायचा त्याचा पण विचार होता, मला सांगितला नव्हता.

लातूरहून एक इंजिनियर आणला. कोपऱ्याला खड्डा घेतला तर पाया काळ्या मातीतच थांबलाय, ओळंबा म्हणाले तसंच. लिंटलची पट्टी आहे, ती चांगली निघाली. वर मजला नाही हे त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. शेजारी मोकळ्या जागेत दोन खोल्या वेगळ्या पायावर, मुरमापर्यंत खोदून, जुन्या घराला न चिकटवता मधे फट ठेवून बांधायच्या असं ठरलं. पट्टी पायथ्याला, लिंटलला आणि छताखाली. छत पत्र्याचं, आत उन्हाचा ताप होऊ नये म्हणून खाली सीलिंग.

आई आखणी चालू असताना पूर्ण वेळ उभी होती. तिनं एकच विचारलं, दार कुठल्या बाजूला उघडणार. बाहेर उघडणार असं सांगितलं. मग म्हणाली दुसऱ्या खोलीलाही एक दार बाहेर काढा, म्हणजे दोन. भावानं लगेच हो म्हटलं, खरं तर त्यानं खर्च वाढतो पण तो काही बोलला नाही.

तिथं झोपेल का ते माहीत नाही. विचारलं पण नाही.

ओळंबा, पट्टीला सळया किती घालायच्या? गवंडी म्हणतो एकच पुरे.

ओळंबा

एक अजिबात नाही. कमीत कमी दोन, १० एमएमच्या, आणि ६ एमएमच्या रिंगा दर १५ सेंटीमीटरला. कोपऱ्यात पट्टीच्या सळया वळवून दुसऱ्या भिंतीत पुढं न्यायच्या, तिथं तोडायच्या नाहीत, सगळे गवंडी नेमकं तिथंच तोडतात. प्रत्येक कोपऱ्यात एक उभी सळई १२ एमएमची, पायापासून वरच्या पट्टीपर्यंत अखंड. खिडक्या दारं कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब घ्या. पत्र्याखालचे अँगल वरच्या पट्टीत बोल्टनं पकडा, नुसते ठेवू नका. ज्या दिवशी पट्टीचं काँक्रीट असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी सळयांचे फोटो इथं टाका, मी बघून सांगतो, मगच ओता.

ज्वारीची_भाकर

फोटो टाकाच, पण गाव जवळ असेल तर आईला घेऊन मी येऊ का त्या दिवशी? ती म्हणतेय टेप अजून आहे तिच्याकडं.

तेरणाकाठ

या. आई तुमच्या आईंना ओळखत असेल कदाचित. पट्टी गुरुवारी आहे, सकाळी लवकर.